बोटीचं पेट्रोल मोजायचं कसं? फ्युएल फ्लो मीटर बसवताना

आजचा विषय जरा वेगळा आहे, पण मालवण-तारकर्लीला आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीत बसला असाल तर लगेच लक्षात येईल. प्रश्न साधा आहे: उरलेल्या पेट्रोलवर आपण किनाऱ्याला परत पोचू का? गाडी बंद पडली तर कडेला लावता येते. बोट मात्र वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जाते.

टँकचा काटा इथे फार भरवशाचा नाही. बोट डुलली की आतलं पेट्रोल हलतं आणि काटाही नाचतो. शिवाय तो किती उरलं ते सांगतो, किती वेगाने संपतंय ते नाही. ते फ्लो मीटर सांगतो. नेहमीच्या मीटरमध्ये एक छोटी चक्री असते. पेट्रोल वाहिलं की ती फिरते, सेन्सर पल्स मोजतो आणि डिस्प्लेवर लिटर प्रतितास दिसतं.

बसवण्याचा क्रम असा ठेवा: टँक, पाणी वेगळं करणारा फिल्टर, प्रायमर बल्ब, मग सेन्सर, मग इंजिन. फिल्टर आधीच हवा, कारण बारीक कचऱ्यानेही चक्री अडकते. सेन्सरवरचा बाण इंजिनाकडे हवा. इंजिनाची उष्णता आणि थरथर लागणार नाही अशी जागा निवडा. वायरला फ्यूज लावाच.

आता सुरक्षेचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून बॅटरी आधी सोडवा, काम मोकळ्या हवेत करा. पाइप बोटीसाठीचाच घ्या, क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे. जोडून झालं की बल्ब घट्ट होईपर्यंत दाबा आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. कागद ओला झाला तर इंजिन सुरू करायचं नाही. चालू इंजिन पेट्रोल ओढून घेतं, त्यामुळे तेव्हा सैल जोडातून गळती दिसेलच असं नाही. उलट हवा आत शिरते आणि इंजिन अडखळतं.

मग कॅलिब्रेशन. टँक फुल करा, मीटर शून्यावर आणा, भरपूर फिरा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. समजा पंपावर ४० लिटर बसलं आणि मीटर ३६ म्हणतोय. सेटिंग १ लिटरला १००० पल्स असेल तर ते ९०० करा. हे केलं नाही तर दर ४० लिटरमागे ४ लिटर जास्त आहेत अशा समजुतीत तुम्ही समुद्रात असाल.

डिझेल इंजिन असेल तर थांबा. तिथे बरंचसं डिझेल टँकमध्ये परत जातं, म्हणून येणारं आणि परतणारं असे दोन सेन्सर लागतात. आणि आउटबोर्ड नवीन असेल तर आधी मॅन्युअल बघा, कित्येक इंजिनांचा कॉम्प्युटर हा आकडा स्वतःच देतो.

खरा फायदा पुढे आहे. वेगाला लिटर प्रतितासाने भागा. समजा ताशी १२ किलोमीटरला ८ लिटर लागतात, म्हणजे लिटरला दीड किलोमीटर. ३५ ला १५ लिटर, म्हणजे सव्वादोनच्या वर. फुल थ्रॉटलला ४८, पण २४ लिटर, म्हणजे फक्त २. नाक वर करून रेंगाळणारी बोट सगळ्यात खादाड असते! आपल्या बोटीचा किफायतशीर वेग असा शोधून काढा.

तरीही जुना नियम सोडू नका: एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं अडीअडचणीला. मीटर असला तरी ते शेवटचं राखूनच ठेवायचं.