मलंगगडाची रांग: लाव्ह्याचे थर, पावसाचे कोरीव काम

कल्याणहून कर्जतची गाडी निघाली की उजव्या हाताला डोंगरांची एक रांग नेरळपर्यंत सोबत करते. आधी मलंगगड, मग नवरा-नवरीचे सुळके, म्हैसमाळ, चंदेरीचा उभा कातळ, नाखिंद, पेब आणि शेवटी माथेरानचे पठार. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून ही रांग सुटी उभी आहे. दोहोंच्या मधून उल्हास नदी वाहते.

हा सारा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा उसळला आणि थरावर थर चढले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो, वरचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. घट्ट भागाचा कडा होतो, सच्छिद्र भाग झिजून उतार किंवा माची होते. मलंगगड चढताना हे पायांनाच कळते: पीरमाची, मग सोनमाची, त्यावर बालेकिल्ला. १७८० मध्ये इंग्रज कॅप्टन अॅबिंग्डनने पीरमाची घेतली, पण वरचा गड त्याच्या हाती लागला नाही. मराठ्यांच्या शिबंदीइतकेच श्रेय मी त्या कड्यालाही देईन.

चुनखडीचे डोंगर फार वेगळे असतात. ते बहुधा समुद्रतळाशी साचलेल्या शिंपल्या-कवचांतून घडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतात. म्हणून आंध्रातल्या बोर्रा गुंफा किंवा मेघालयातल्या मैलोगणती लांब गुहा निसर्गानेच कोरल्या. आपल्याकडे तसे होत नाही. कल्याणजवळची लोनाडची लेणी आणि बोरिवलीची कान्हेरी माणसांनी छिन्नी-हातोड्याने खोदली. अंबरनाथचे १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिरही याच काळ्या दगडाचे. चुना मात्र या दगडातून मिळत नाही. कोकणपट्टीत तो शिंपले भाजून करत. आज डोंबिवलीत उभ्या राहणाऱ्या इमारतीत डोंगर फोडून काढलेली खडी असते आणि सिमेंटमध्ये दूरवरच्या खाणीतली चुनखडी. महाराष्ट्रात तिचे मोठे साठे चंद्रपूर-यवतमाळकडे आहेत.

भूगर्भशास्त्रज्ञांना या भागात आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, पण कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात ते समुद्राकडे कलंडतात. याला पनवेलची वळी म्हणतात. भूपृष्ठ इथे वाकले, भेगा पडल्या. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडे याच कमकुवत पट्ट्याशी जोडली जातात. ठाणे-मुंब्र्यादरम्यानचा पारसिक डोंगरही याच दगडाचा. १९१६ मध्ये त्याच्या पोटातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा गेला आणि कल्याणची वाट जवळची झाली.

माथेरानचा माथा वेगळा. सुमारे ८०० मीटर उंचीवर बेसॉल्ट पाण्याने आणि उन्हाने कुजत-कुजत जांभा झाला आहे. तिथली लाल धूळ त्याचीच. पठारावर दाट जंगल टिकले, ओहोळ टिकले. मात्र उघड्या कातळाच्या किल्ल्यांवर पाणी हवे तर टाकी खोदावी लागत.

कारण घट्ट बेसॉल्ट पाणी फारसे पीत नाही. जे मुरते ते सांध्या-भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून. बाकीचे सरळ ओढ्यांत उतरते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पायथ्याचे पाडे पाण्यासाठी वणवण करतात आणि जुलैमध्ये वालधुनी नदी काही तासांत फुगते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली, तेव्हा सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले.

पायथ्याशी खदानी लागल्या, ओढे बुजवून प्लॉट पाडले की पाणी उतरायचे थांबत नाही. ते वसाहतीतून उतरते. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या विकास आराखड्यांत रस्त्यांच्या आधी या रांगेचे ओढे नकाशावर आखले जावेत, आणि पावसाळ्यात ते जेवढे पसरतात तेवढी जागा मोकळी सोडावी. त्यासाठी नवा शोध लागत नाही. एका मुसळधार दिवशी पायथ्याच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन फिरले तरी प्रत्येक ओढ्याची खरी रुंदी तेच दाखवून देतील.