हेडलाइटचा बल्ब : जिथे हात पोहोचत नाही

जुन्नर, नारायणगाव परिसरातून टोमॅटो आणि कोथिंबीर घेऊन निघालेली पिकअप वाहने रात्रीचा घाट उतरून वाशीच्या बाजाराकडे येतात. शहराच्या स्वयंपाकघरातील भाजीचा हा प्रवास दोन दिव्यांच्या भरवशावर चालतो. त्यातील एक दिवा बंद पडला, तर समोरून येणाऱ्याला ती मोटारसायकल वाटू शकते. बंद दिवा उजव्या बाजूचा असेल, तर धोका अधिक; कारण वाहनाचा रस्त्याच्या मध्याकडील भागच अंधारात राहतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार रात्री पुढील १५५ मीटरवरील माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसेल इतका उजेड हेडलाइटने देणे आवश्यक आहे. तरीही गेलेला बल्ब दिवसेंदिवस तसाच राहतो. किंमत हे त्याचे मुख्य कारण नसते. अनेक वाहनांत बल्बपर्यंत हातच पोहोचत नाही, हे खरे कारण असते. बोनेटखालच्या अपुऱ्या जागेत एका दिव्यामागे बॅटरी आणि दुसऱ्यामागे एअर फिल्टरचा डबा बसवलेला असतो. काही वाहनांत पुढच्या चाकावरील प्लॅस्टिकचे अस्तर सोडवून, तर काहींत संपूर्ण दिवा बाहेर काढूनच बल्ब बदलावा लागतो. म्हणूनच वाहनाची माहितीपुस्तिका आधी पाहणे इष्ट ठरते.

हॅलोजन दिव्यांच्या पिकअपमध्ये एच-४ हा बल्ब सर्रास आढळतो. त्यात दोन तारा असतात. जवळच्या प्रकाशासाठी ५५ वॉटची आणि लांबच्या प्रकाशासाठी ६० वॉटची. यातील एकच तार तुटली, तरी दुसरी चालू राहते. मग चालक डिपर गेला म्हणून अप्परवरच गाडी दामटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. दोन्ही दिवे एकाच वेळी गेले असतील, तर बल्ब काढण्यापूर्वी फ्यूज व रिले तपासावेत.

काम सुरू करताना इंजिन व दिवे बंद करून बल्ब थंड होऊ द्यावा. बॅटरी हलवायची असल्यास आधी ऋण आणि नंतर धन टोकाची तार सोडवावी; जोडताना क्रम उलटा ठेवावा. चाकाच्या बाजूने हात घालायचा असेल, तर डाव्या दिव्यासाठी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे आणि उजव्यासाठी डावीकडे वळवावे, म्हणजे टायरपुढे जागा होते. तीन पिनांचा सॉकेट तारांना धरून ओढू नये. सॉकेटच पकडून सरळ मागे काढावा. त्यानंतर रबरी टोपण काढून तारेची क्लिप दाबून बाजूला करावी. दिसत नसलेल्या जागी लहान आरसा आणि टॉर्च उपयोगी पडतात. बल्बच्या कडीवरील तीन खाचा समान अंतरावर नसतात, त्यामुळे तो एकाच स्थितीत बसतो. तो बसत नसेल, तर जोर न लावता दिशा तपासावी. शेवटी रबरी टोपण घट्ट बसवावे. ते सैल राहिल्यास पाणी आत जाऊन परावर्तक निस्तेज होतो.

नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नये, या सूचनेमागे शास्त्र आहे. तप्त तारेतून उडणारे टंगस्टन बल्बमधील हॅलोजनशी संयोग पावून पुन्हा तारेवर परतते. यासाठी काच अत्यंत गरम राहावी लागते. बोटांचे तेल आणि क्षार तिच्यावर राहिले, तर त्या ठिकाणी काच कमकुवत होते आणि बल्ब लवकर जातो. चुकून स्पर्श झालाच, तर स्पिरिटने काच पुसून कोरडी करावी.

एवढी खटपट पुन्हा नको म्हणून काहीजण १००/९० वॉटचे बल्ब बसवतात. त्या उष्णतेने सॉकेट वितळतो, मूळ वायरिंगवर भार येतो आणि समोरच्याला झळाळीचा त्रास होतो. एकाच जातीचे दोन्ही बल्ब एकदम बदलणे हा शहाणपणाचा मार्ग. जोडीतला दुसराही तितकाच जुना असतो. बल्ब वारंवार जात असल्यास ऑल्टरनेटरचा व्होल्टेज तपासावा. व्होल्टेज सुमारे पाच टक्के वाढला, तरी बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होऊ शकते. काम संपल्यावर सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांचा झोत समान उंचीवर पडतो का, हे पाहावे. संपूर्ण दिवा काढला असेल, तर ही तपासणी टाळू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या नियमावली क्र. ४८ मध्ये दिव्याचा बल्ब तज्ज्ञाच्या मदतीविना आणि गाडीसोबत मिळणाऱ्या हत्यारांनीच बदलता यावा, अशी अपेक्षा आहे. भररस्त्यात, अंधारात एकट्या असलेल्या चालकाचा विचार त्यामागे आहे. पिकअप खरेदी करताना मायलेज आणि भारक्षमता विचारली जाते. त्याच वेळी बोनेट उघडून दिव्यामागे हात घालून पाहायला दोन मिनिटे पुरतात. तिथे हात पोहोचत असेल, तर घाटातल्या रात्री गेलेला बल्ब सकाळपर्यंत थांबणार नाही.