विश्लेषण : मेंदू आकसला, मग ‘सूज’ कुठली? अल्झायमरमधला दाह स्कॅनवर दिसतो का?

नेवाशात मोहिनीराजाच्या दर्शनाला गेलेले आजोबा परतीचा रस्ता विसरतात. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात पुन्हा ताट मागतात. घरचे त्यांना अहिल्यानगरला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेतात, एमआरआय होतो आणि अहवालात ‘सेरेब्रल ॲट्रॉफी’ असे शब्द येतात. म्हणजे मेंदू आकसला आहे. त्याच सुमारास मोबाइलवर एक बातमी फिरत असते : अल्झायमरचे मूळ मेंदूच्या सुजेत!

इथे घरचे गोंधळतात. आकसलेल्या मेंदूला सूज कशी? असेल तर एमआरआयवर का दिसली नाही? आणखी मोठा स्कॅन करून घ्यावा का?

शब्द एक, गोष्टी दोन

घोळ ‘सूज’ या शब्दाचा आहे. अपघात, मेंदूज्वर किंवा पक्षाघातानंतर मेंदूत पाणी साचते आणि तो फुगतो. डॉक्टर ‘मेंदूला सूज आली’ म्हणतात ते याला. ही सूज सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर दिसते.

अल्झायमर आणि पार्किन्सनसारख्या आजारांतली ‘सूज’ म्हणजे खरे तर दाह. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची ओळख पटवली. कचरा उचलणे आणि जंतूंवर तुटून पडणे हे त्यांचे काम. अल्झायमरमध्ये अमायलॉइड प्रथिनाचे गोळे साचू लागले की या पेशी त्यांच्याभोवती गोळा होतात. सुरुवातीला त्या उपयोगी पडतात, पण वर्षानुवर्षे चेतलेल्या राहिल्या तर चांगल्या चेतापेशींचेही नुकसान करतात, असे मानले जाते. या पेशींशी संबंधित ट्रेम-२ जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, हे कळल्यापासून दाहाकडे फार गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. यात मेंदू फुगत नाही, म्हणून नेहमीच्या एमआरआयवर हा दाह दिसत नाही.

मग तो पाहतात कसा?

पेट स्कॅनने. शरीरातल्या एखाद्या ठरावीक रेणूला चिकटेल असे किरणोत्सारी रसायन, म्हणजे ट्रेसर, शिरेतून देतात. ते कुठे साचले याचा नकाशा यंत्र काढते. दाहासाठी निवडलेला रेणू म्हणजे ‘टीएसपीओ’ हे प्रथिन. ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर असते. मायक्रोग्लिया चेतल्या की ते वाढते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. लंडनच्या संशोधकांनी २००१ मध्ये ‘पीके-११११९५’ हा ट्रेसर वापरून अल्झायमरच्या जिवंत रुग्णांच्या मेंदूत तो जास्त साचल्याचे दाखवले. पुढे २०२१ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासात असे दिसले की, हा संकेत आणि टाऊ हे दुसरे घातक प्रथिन मेंदूत जोडीने पसरतात.

अडचण वेळेची, जनुकाची आणि उंदराची

‘पीके-११११९५’मधला किरणोत्सारी कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो. आपल्या देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये आला. समजा तिथे हा ट्रेसर बनवला आणि गाडीने नेवाशाला पाठवला. रस्त्यात सहा तास गेले तर तो १८ वेळा निम्मा होईल. म्हणजे पोहोचेल तेव्हा अडीच लाखांतला एक भाग उरेल! सायक्लोट्रॉन आणि स्कॅनर एकाच आवारात लागतात, ते यामुळे. फ्लोरिन-१८ निम्मा व्हायला ११० मिनिटे लागतात, म्हणून तो दुसऱ्या शहरात नेता येतो. कर्करोगासाठी होणारे नेहमीचे पेट स्कॅन त्यावरच चालतात. स्मृतिभ्रंशातही डॉक्टर कधी कधी ते सांगतात, पण त्यात दिसतो तो मेंदूचा साखरेचा वापर. तो दाहाचा स्कॅन नव्हे.

नवे ट्रेसर आले, तर जनुक आडवे आले. टीएसपीओच्या जनुकातल्या एका बदलामुळे काही जणांच्या मेंदूला हे ट्रेसर नीट चिकटतच नाहीत. युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण दहापैकी एक जण असतात. त्यामुळे आधी जनुकचाचणी, मग स्कॅन.

खरा धक्का २०२३ मध्ये बसला. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या अभ्यासानुसार चेतलेल्या मायक्रोग्लियात टीएसपीओ वाढते ते उंदरांमध्ये. माणसात प्रत्येक पेशीतले प्रमाण तसे वाढत नाही. म्हणजे स्कॅनवरचा उजळ भाग तिथे रक्षक पेशींची गर्दी आहे एवढेच सांगत असावा. त्या चिडल्या आहेत की मुकाट सफाई करत आहेत, हे त्यातून कळत नाही. वीसेक वर्षांचे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील, ही बाब छोटी नाही. आता ‘सीएसएफ१आर’सारख्या दुसऱ्या रेणूंना चिकटणाऱ्या ट्रेसरवर काम चालू आहे, पण तेही संशोधनापुरतेच.

मग सूज उतरवणाऱ्या गोळ्या?

हा विचार आधीच करून झाला आहे. अमेरिकेत ‘अडॅप्ट’ या चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या आणि घरात अल्झायमरचा इतिहास असलेल्या लोकांना नॅप्रॉक्सेन किंवा सेलेकॉक्सिब दिले गेले. हृदयाला धोका असल्याच्या शंकेने २००४ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या. नंतरच्या निकालांतही या औषधांनी अल्झायमर टळल्याचे दिसले नाही. तेव्हा विसराळूपणावर मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून देऊ नयेत. मूत्रपिंडे बिघडतील, ते वेगळेच.

मग नेवाशातल्या आजोबांचे काय?

दाहाचा पेट स्कॅन आज निदानासाठी केला जात नाही. कोणी तो सुचवलाच, तर उपचारात त्याने नेमके काय बदलणार, हे आधी विचारावे. त्याआधी साध्या तपासण्या झाल्यात का, ते पाहावे. बी-१२ची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड रक्ततपासणीत कळतो, आणि दोन्हींवर औषध आहे.

विसरणे वर्षांत नव्हे तर काही आठवड्यांत वाढले असेल, सोबत झटके किंवा भ्रम असतील, तर प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटल्याची शक्यता असते. या आजाराला खऱ्या अर्थाने मेंदूचा दाह म्हणता येईल. त्यावर उपचार आहेत, पण तो रक्त आणि पाठीच्या कण्यातले पाणी तपासून ओळखावा लागतो. त्यासाठी लगेच न्यूरोलॉजिस्ट गाठावा.

आणि आजोबा महिना-दोन महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून किंवा न्हाणीत पडले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कवटीच्या आत हळूहळू साचलेल्या रक्तानेही माणूस असाच विसरू लागतो. ते साध्या सीटी स्कॅनवर दिसते आणि शस्त्रक्रियेने काढता येते.