पेटंट सरले की गोळी स्वस्त

मधुमेहाच्या ब्रँडेड औषधाची किंमत मुख्यतः पेटंटवर ठरते. भारतात त्याची मुदत 20 वर्षे; तोवर सहसा स्पर्धा नसते. सिटाग्लिप्टिन या औषधाचे पेटंट जुलै 2022 मध्ये संपले, तेव्हा अनेक कंपन्या बाजारात उतरल्या. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना, म्हणजे ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी दरात, मिळू लागल्या. आष्टीसारख्या कोरडवाहू तालुक्यातल्या घराला हा फरक मोठा असतो. औषध चालू राहणे वा मध्येच सुटणे त्यावरच ठरते. याच आजारावरचे मेटफॉर्मिन जुने आणि सरकारी दरनियंत्रणातले, म्हणून स्वस्त. वजनही घटवणारे मौंजारो मात्र नवे: मार्च 2025 मध्ये 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना आली. इंजेक्शन दर आठवड्याला, म्हणजे तेव्हा महिन्याला 14,000 रुपये. शिवाय ते फ्रीजमध्ये, 2 ते 8 अंशांत साठवावे लागते. त्या शीतसाखळीचाही खर्च आहेच.