पुढे पाठवता येईल असं पत्र

भाऊबीज उलटली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावांमध्ये, मंडईची जत्रा भरते आणि रात्री नाटक नाहीतर दंडार हे लोकनाट्य होते. वडशाच्या नाटक कंपन्या तिथपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत फिरत असतात. 2023 साली इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांना ही रंगभूमी पहिल्यांदा कळली. कंपन्यांची बुकिंगं मात्र आधीपासून सुखात चालली होती. एका गावात प्रयोग रंगला की पाहुणा म्हणून आलेला शेजारच्या मंडळाचा माणूस तिथंच पुढची तारीख विचारतो. काम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं, त्यामुळे शिफारस वेगळी मागावी लागत नाही.

तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यात घरी बसून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करणाऱ्या मुलीला ही सोय नाही. ती कुणा पुण्याच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट लावते, कुणा लंडनच्या सल्लागाराचा इनबॉक्स रोज रिकामा करते, बिलं पाठवते, थकलेल्या येण्यांची आठवण करून देते, विमानाची तिकिटं काढते. हे काम चांगलं झालं तर ते कुणाला दिसतच नाही. बैठक वेळेवर झाली, एवढंच लोकांना कळतं. ती कुणी लावली हे विचारायला कोण जातं? म्हणून तिला शिफारस मागावी लागते, तीही ई-मेलवर, कारण ग्राहकाशी तिचं नातं तिथंच आहे.

मागायची कुणाकडे, हा पहिला प्रश्न. सिहोऱ्याकडची जुनी रीत सरळ आहे. हा पट्टा धानाचा. चांदपूर जलाशयाचं पाणी, तुमसरचा बाजार, राइस मिल, पलीकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी. मुलाला कामाला लावायचं तर मामाजी मिलवाल्याच्या कानावर घालतात, काका ठेकेदाराला गाठतात. जवळच्या नात्याचं वजन असतं. संगणकावरच्या कामात मात्र हे वजन फारसं चालत नाही, कारण मामाजी ज्यांना ओळखतात त्यांना आपणही ओळखतोच.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट 1973 मध्ये एका लेखात मांडली. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून ही बातमी कळली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? ‘वारंवार’ म्हणणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकीच्यांना काम मिळालं ते अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून. हाच लेख एका नामांकित नियतकालिकाने आधी नाकारला होता, ही त्यातली गंमत. पुढे 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांवरचा मोठा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. त्यात निष्कर्ष थोडा बारीक झाला. मध्यम पातळ ओळखी सर्वांत उपयोगी, आणि त्याही डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत. जिथं संगणकाचा वावर कमी, तिथं घट्ट नातीच जास्त कामाला येतात. थोडक्यात, मामाजींची पद्धत चुकीची नाही, ती राइस मिलसाठी बरोबर आहे.

तेव्हा यादी करायची ती या पातळ ओळखींची. दीड वर्षापूर्वी एकदाच काम दिलेलं नागपूरचं सीए कार्यालय, ज्यांच्या पुस्तकाचं टंकलेखन केलं ते निवृत्त प्राध्यापक, तुमसरच्या कॉलेजमधली आणि आता हैदराबादला असलेली वर्गमैत्रीण. सध्याचे ग्राहक तर आहेतच. जुन्या ग्राहकाला पत्र लिहायचा संकोच वाटतो, पण काम बिनसून संपलेलं नसेल तर तो अस्थानी आहे.

आता पत्र. बहुतेक जण लिहितात, ‘सर, माझ्यासाठी कुठं काम असेल तर सांगा.’ सरांचं मन चांगलं असतं, ते ‘हो, बघतो’ म्हणतात आणि विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. या एका ओळीने त्यांच्यावर तीन कामं टाकलेली असतात. कुणाला विचारायचं ते आठवायचं, या मुलीला नेमकं काय येतं ते आठवायचं, आणि मग ते लिहून काढायचं. ग्राहकाने व्हर्च्युअल असिस्टंट ठेवली ती डोक्यावरचं काम कमी व्हावं म्हणून, आणि तिचंच पत्र त्याला काम लावतं! तिने हे पत्रही ग्राहकाचं काम समजून करावं, म्हणजे त्याला फक्त ‘फॉरवर्ड’ दाबायचं उरलं पाहिजे. नमुना देतो, दातांचा दवाखाना चालवणाऱ्या एका कल्पित डॉक्टरबाईंसाठी.

‘नमस्कार मॅडम, मार्चअखेरची सगळी बिलं लावून झाली. राहिलेल्या चार येण्यांपैकी तीन जमा झाली, चौथ्यांना आज आठवण पाठवली आहे. एक विनंती होती. मेपासून माझ्याकडे आठवड्याला दहा तास मोकळे आहेत. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांपैकी कुणाला अपॉइंटमेंट आणि बिलांसाठी मदत हवी असेल, असं एखादं नाव समोर येतं का? येत असेल तर आधी त्यांना विचारून खालचा मजकूर तसाच पाठवावा. नसेल तर या विनंतीला उत्तर नाही दिलं तरी चालेल.’

आणि त्याखाली, डॉक्टरबाईंच्या तोंडी शोभेल असा चार ओळींचा मजकूर: ‘माझ्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट आणि बिलं ही मुलगी घरून सांभाळते. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत पत्रव्यवहार करते. तिच्याकडे सध्या आठवड्याला दहा तास मोकळे आहेत. पंधरा दिवसांचं काम पाहून पुढचं ठरवता येईल.’ बस. बायोडेटा जोडायचा नाही, पाच-पाच विशेषणं लावायची नाहीत. डॉक्टरबाई कुणाला ‘कर्तव्यदक्ष व मेहनती’ म्हणत नसतील, तर त्यांच्या नावाने जाणाऱ्या मजकुरातही ते शब्द नकोत.

या पत्रात सर्वांत महत्त्वाची मला पहिली दोन वाक्यं वाटतात. विनंती हिशोबाच्या पाठोपाठ येते, पूर्ण झालेलं काम डोळ्यांसमोर असताना. ग्राहकाचं ‘थॅंक यू’ आलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विचारावं. दिवाळीच्या शुभेच्छांना जोडून विचारू नये, तेव्हा सगळेच काही ना काही मागत असतात. आणि ‘कुणीही’ असं म्हणू नये. ‘दवाखाना चालवणारे डॉक्टर’ म्हटलं की माणसाला चेहरे आठवतात.

‘आधी त्यांना विचारून’ हे शब्दही गाळू नयेत. शिफारस करणारा स्वतःचं नाव पणाला लावत असतो. न विचारता दोन माणसांना एका मेलमध्ये आणलं तर तिघांचीही अडचण होते. समोरच्याने होकार दिला, ओळख करून देणारं पत्र आलं, की उत्तर त्याच दिवशी जायला हवं. उत्तरात सुरुवातीला मॅडमचे आभार, आणि त्यांचा पत्ता ‘सीसी’तून काढून ‘बीसीसी’त. म्हणजे उत्तर दिल्याचं त्यांना कळतं, आणि पुढच्या दहा मेलचा त्रास त्यांना होत नाही. परदेशी ग्राहक असेल तर घड्याळ बघावं. लंडनला सकाळचे 9 वाजतात तेव्हा सिहोऱ्यात उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच होतो. न्यूयॉर्कचे 9 म्हणजे आपली संध्याकाळ, साडेसहा किंवा साडेसात. जीमेलमध्ये 2019 पासून पत्र ठरावीक वेळी सोडायची सोय आहे. ती वापरली तर गावातल्या विजेच्या लहरीवर अवलंबून राहावं लागत नाही.

आता या धंद्यातला खरा मोह. व्हर्च्युअल असिस्टंटच्या हातात ग्राहकाचा अख्खा इनबॉक्स असतो आणि त्यात शेकडो पत्ते असतात. त्यातले चार उचलून ‘मी अमुक मॅडमचं काम बघते’ असं लिहिणं फार सोपं आहे. ते कधीही करू नये. वैयक्तिक माहितीच्या वापराबद्दल 2023 चा कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी ही चोरी आहे, आणि ती कळली की आहे तेही काम जातं. शिफारस मालकाच्या बोटांनी पाठवली जाते तेव्हाच ती शिफारस.

दुसरी सावधगिरी कामाच्या वेबसाइटांची. फायव्हर विक्रेत्याच्या कमाईतून 20 टक्के कापतं, म्हणून शिफारशीतून थेट आलेला ग्राहक परवडतो. पण अपवर्कवर भेटलेल्या ग्राहकाचे पैसे दोन वर्षं बाहेरून घेता येत नाहीत, वेगळं शुल्क भरल्याशिवाय. त्या ग्राहकाला पत्र लिहिण्याआधी अटी वाचाव्यात.

मराठी माणसाला असं मागणं जमत नाही, हे आपण फार मिरवतो. रेल्वेत अभियंता राहिलेल्या माधवराव भिडे यांनी 2000 साली सॅटरडे क्लब उभा केला तो याच संकोचावर उपाय म्हणून, असं मला वाटतं. मराठी उद्योजकांनी नियमित भेटून आपल्याला काय हवं ते उघड सांगायचं आणि एकमेकांना कामं मिळवून द्यायची, ही त्यामागची कल्पना. सिहोऱ्याच्या मुलीला दर वेळी बैठकीला जाणं परवडणार नाही. तिला तेच ई-मेलवर करता येतं.

शिफारशीतून काम मिळालं तर कमिशन द्यावं का? माझ्या मते नाही, निदान पत्रात तरी त्याचा उल्लेख नको. पैसे आले की शिफारस दलाली होते, आणि ऐकणाऱ्याला तो वास येतो. काम लागलं, पहिलं बिल जमा झालं, की कळवावं आणि आभार मानावेत. पुण्या-नागपूरच्या ग्राहकाला हंगामात नव्या तांदळाची पिशवी पाठवली तर ती कुणी नाकारत नाही.

वाचकांपैकी अनेक जण या पत्राच्या दुसऱ्या टोकाला असतील. तुमची बिलं, तिकिटं, अपॉइंटमेंट अशीच कुणीतरी लांबच्या गावातून सांभाळत असेल, तर तिने विचारण्याची वाट पाहू नका. तिला विचारा की अजून किती तास मोकळे आहेत, आणि आजच एका मित्राला तिच्याबद्दल चार ओळी लिहा.