टाऊन हॉल : गावाची बैठक

कोल्हापुरात रिक्षावाल्याला ‘वस्तुसंग्रहालयात जायचंय’ असं सांगितलं, तर तो क्षणभर घुटमळतो. ‘टाऊन हॉल’ म्हटलं की लगेच रिक्षा चालू करतो. मंडळी, या इमारतीत पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वस्तुसंग्रहालय आहे. पण लोकांच्या जिभेनं पहिलं नाव सोडलेलं नाही. या नावातच तिचा सारा इतिहास साठलेला आहे.

टाऊन हॉल म्हणजे काय? आपल्याकडे माणसं पूर्वीही एकत्र येत होतीच. देवळाच्या मंडपात येत, मशिदीच्या अंगणात येत, चावडीवर, तालमीत, सरदारांच्या वाड्यावर जमत. पण प्रत्येक जागेला कुणीतरी धनी होता. कुठं देव, कुठं सरकार, कुठं जात. जी जागा शहराची म्हणून ओळखली जाईल, जिथं सभा भरेल, व्याख्यान होईल, ही कल्पना इंग्रजी अमदानीत आली. मुंबईचा टाऊन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला. पुढं ही कल्पना घाट चढून संस्थानांत आली.

कोल्हापूरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला. तो काळ लक्षात घ्यायला हवा. तरुण राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले होते. परतीच्या वाटेवर, १८७० च्या नोव्हेंबरात, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी त्यांचं निधन झालं. त्यांच्यामागं दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वयानं लहान होते. कारभारावर इंग्रजांचा वरचष्मा होता. त्यामुळं ही वास्तू रयतेनं मागितली म्हणून उभी राहिली, असं म्हणता येणार नाही. ती वरून आली. तरीही नाव मात्र राजाचं नव्हे, शहराचं लागलं.

आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आणि अजमेरच्या मेयो कॉलेजचा आराखडाही त्यांचाच. टाऊन हॉल त्यांनी गॉथिक घाटाचा केला. काळा दगड, उतरती छपरं, निमुळत्या कमानी. पुढं काही वर्षांतच त्यांनी कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला आणि तिथं घुमट, छत्र्या, महिरपी आल्या. एकाच शहरात, एकाच माणसाच्या हातून झालेला हा बदल आजही दोन्ही इमारती पाहून समजून घेता येतो. गोऱ्या स्थापत्यकाराला इथली माती हळूहळू कळत गेली, असं मला वाटतं.

वस्तुसंग्रहालयाची कथा निराळी. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्या टेकडीनं सातवाहन काळातलं गाव दाखवलं आणि रोमन जगाशी असलेलं नातंही. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीचीच. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडं, परक्या समुद्राचा देव! हा ठेवा ठेवायचा कुठं, म्हणून १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थान संपलं आणि त्याची आठवण शहराच्या बैठकीत येऊन बसली.

इथंच आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार. त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. मुंबईत नाव कमवायचं सोडून ते कोल्हापुरातच राहिले आणि रंकाळ्याचं पाणी, पंचगंगेचा काठ रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. त्यांनी रंगवलेली सकाळ आजच्या रंकाळ्यावर सापडेलच असं नाही. ती इथं भिंतीवर सापडते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभारलेलं ते नाट्यगृह एका रात्रीत काळंठिक्कर पडलं. दुसऱ्या दिवशी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. सार्वजनिक वास्तूवर शहराचा केवढा जीव असतो, हे तेव्हा दिसलं. पण जीव आहे हे कळायला आगच लागावी का?

टाऊन हॉलच्या समोरच सी.पी.आर. रुग्णालय आहे. रोज शेकडो माणसं या रस्त्यानं जातात. नातेवाइकांची वाट पाहणारी काही जण बागेतल्या झाडांखाली टेकतात. त्यांतल्या किती जणांनी आतला उंबरा ओलांडला असेल? जुन्या इमारतीला डागडुजी लागते, निधी लागतो, हे खरंच. पण त्याआधी तिला माणसं लागतात. शहराच्या नावानं बांधलेल्या बैठकीत शहरच आलं नाही, तर दगड कितीही पक्का असला तरी बैठक मोडलीच म्हणायची. तेव्हा मुलांचा हात धरा आणि एकदा आत जा. पोसायडनसमोर उभे राहा, आबालालांचं पाणी बघा. ते सारं तुमच्याच मालकीचं आहे.