पार्कातली खोली : कोणासाठी आणि किती पैशांत?

रात्रीची जेवणं आटोपली होती. ताटं उचलता उचलता थोरलीने विषय काढला. "या सुट्टीत आपण सगळे कुठेतरी राहायला जाऊ या. सकाळी जाऊन रात्री परत, असं नाही. राहायला. पुढच्या वर्षी मी हॉस्टेलला असेन."

मधल्याने लगेच मोबाइल पुढे केला. मुंब्र्याच्या फुफीची मुलं थीम पार्कला लागून असलेल्या हॉटेलात दोन रात्री राहून आली होती. खिडकीतून दिसणारा रोलर कोस्टर, पोहण्याचा तलाव, नाश्त्याला मांडलेली पंधरा भांडी, सगळे फोटो आमच्या घरात पाठ झाले होते. धाकटीला तर हॉटेलच्या लिफ्टचाही फोटो आवडला होता.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरलीच्या हॉस्टेलसाठी बाजूला टाकलेली रक्कम कपाटात होती. तिला हात लावायचा नाही हे ठरलेलं. अम्मी कोपऱ्यातून म्हणाल्या, "माझ्या गल्ल्यातले घ्या. उमऱ्याला अजून वेळ आहे." तेही आम्हाला नको होतं. पण हे सगळे एकत्र जाण्याचं कदाचित शेवटचं वर्ष, ही थोरलीची गोष्ट काही मनातून जाईना. मग कागद-पेन घेऊन बसलो. प्रश्न एकच होता : पार्कातल्या महाग हॉटेलात राहून खरंच काही जास्त मिळतं, की फक्त फोटो मिळतात?

हे हॉटेल आलं कुठून?

पार्क आणि हॉटेल एकत्र ही कल्पना आपली नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 1955 च्या जुलैत सुरू झालं, तेव्हा वॉल्ट डिस्ने यांचा सगळा पैसा पार्कातच गेला होता. हॉटेल बांधायला काही उरलं नाही. म्हणून जॅक राथर नावाच्या टीव्ही निर्मात्याने शेजारी हॉटेल उभारलं आणि त्याच वर्षी ते सुरूही झालं. पुढे पार्काच्या आजूबाजूला मोटेलांची रांग लागली. लोक पार्क बघायला येत, पण रात्रीचे पैसे दुसऱ्यांच्या गल्ल्यात जात. हा धडा कंपनी विसरली नाही. 1971 मध्ये फ्लोरिडात दुसरं पार्क उघडलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून तिथे स्वतःची दोन हॉटेलं होती. कॅलिफोर्नियातलं ते जुनं हॉटेलही कंपनीने शेवटी 1988 मध्ये विकत घेतलं.

तेव्हापासून या धंद्याचं गणित तेच आहे. अशी हॉटेलं गादी-उशीपेक्षा जवळीक आणि वेळ विकतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना आजही फ्लोरिडातल्या पार्कात इतरांच्या अर्धा तास आधी आत सोडतात.

आपल्याकडे हे उशिरा आलं. आमच्या पिढीचं पार्क म्हणजे 1989 मध्ये गोराईला सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड. मार्वेहून बोटीने जायचं, दिवसभर खेळायचं आणि रात्री घरी. तिथे राहण्याचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं, पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं आणि 2015 मध्ये नोव्होटेलच्या नावाने शेजारी हॉटेल उघडलं. आज त्या हॉटेलात 287 खोल्या आहेत. 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने इमॅजिका घेतलं, म्हणजे मालकी आपल्या नाशिकच्या शेजारी आली.

नाशिकहून हिशेब वेगळा

मुंबई-पुण्याचा माणूस खोपोलीला सकाळी जाऊन रात्री परत येऊ शकतो. आपलं तसं नाही. नाशिकहून खोपोली साधारण 200 किलोमीटर. घोटी, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, पडघा, मग कल्याण-पनवेलची गर्दी. जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. पण टोल वाढतो आणि भिवंडीच्या पुढची गर्दी तशीच राहते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हा प्रवास एका दिवसात करून पाहिला. फजरनंतर लगेच निघालो, पार्कात शिरेपर्यंत अकरा वाजले. संध्याकाळी मुलं पेंगत होती, परतीच्या गर्दीत धाकटी दोनदा ओकली आणि घराचं कुलूप उघडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. वडाळा रोडवर कुत्री तेवढी जागी होती. गाडी चालवणाऱ्याचे डोळे मिटत होते, ही गोष्ट आज आठवली तरी अंगावर काटा येतो. तेव्हा दूरच्या पार्कासाठी एक मुक्काम हवाच, हे त्या रात्री ठरलं. मुक्काम कुठे, हा प्रश्न राहिला.

उलट, जवळच्या पार्काला मुक्कामाची गरजच नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं शुभम वॉटर वर्ल्ड तर घरातलंच. शिर्डीचं वेट-एन-जॉय वॉटर पार्क नव्वदेक किलोमीटरवर. सकाळी नाश्ता करून निघा आणि रात्रीच्या जेवणाला घरी या. तिथे हॉटेलवर खर्च करणं म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागवण्यासारखं.

खोलीचा भाव आणि बिलाचा आकडा

हॉटेलचा भाव रोज बदलतो. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना महाग. शाळा चालू असतानाचे मधले वार आणि पावसाळा स्वस्त. म्हणून इथे नेमका भाव देण्यात अर्थ नाही. पण हिशेब कसा मांडायचा ते सांगतो.

पहिली गोष्ट कर. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. फरक किती पडतो बघा. 7,500 ची खोली करासह 7,875 ला पडते. तीच खोली 7,600 ची झाली, की बिल 8,968. भाव शंभराने वाढला, खिशातून 1,093 जास्त गेले. त्यामुळे 7,500 च्या जरा वरची खोली दिसली, तर वार बदलून बघा. पार्काच्या तिकिटावरही 18 टक्के कर असतो, तो धरलाय की नाही हे विचारा.

दुसरी गोष्ट माणसं. जाहिरातीतल्या खोलीत दोन मोठे आणि एक-दोन लहान मुलं असतात. आपल्या घरात दादी असते, बारावीतली मुलगी असते. आम्ही सहा जण. सहा जणांना दोन खोल्या. समजा पार्कातली खोली 9,000 ची. करासह 10,620, दोन खोल्यांचे 21,240. दहा-पंधरा किलोमीटरवरच्या साध्या लॉजची खोली समजा 2,500 ची. करासह 2,625, दोन खोल्यांचे 5,250. फरक जवळजवळ 16,000 रुपयांचा, आणि तोही एका रात्रीचा.

तिसरी गोष्ट तास. खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. पहिला दिवस रात्रीपर्यंत पार्कात गेला, तर आपण 21,000 रुपये देऊन फक्त झोपतो. झोप लॉजवरही तेवढीच लागते.

चौथी गोष्ट आतला खर्च. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कात चालत नाही. लॉकरचं भाडं वेगळं, पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे वेगळे, फोटो वेगळे. हे खर्च हॉटेलात राहिलं तरी टळत नाहीत.

या हिशेबात लॉजच जिंकत होता. कागद घडी करून ठेवणार, तेवढ्यात अम्मींनी विचारलं, "मी पाळण्यात बसणार नाही. मग दिवसभर करू काय?"

पिशव्या सांभाळणारी माणसं

या प्रश्नाने हिशेब बदलला. मागच्या वेळी आम्ही काय पाहिलं होतं? वॉटर पार्कच्या कडेला बाकावर बसलेल्या बायका. मांडीवर पर्स, बाजूला ओले टॉवेल, हातात सगळ्यांचे मोबाइल. त्यात आपल्या घरच्या बऱ्याच. सुती सलवार-कमीज आणि ओढणीत पाण्यात सोडत नाहीत, आणि छोटे कपडे आपल्याला नकोत. म्हणजे तिकीट भरून दिवसभर पहारा. म्हातारी माणसं तर उन्हात ताटकळतात. सहलीला सहा जण गेले, असं आपण म्हणतो. मजा केली तिघांनीच.

पार्काला लागून खोली असेल तर याच माणसांचा दिवस बदलतो. दादी दुपारी पाय पसरू शकते, वजू करून शांतपणे नमाज पढू शकते, औषध घेऊन तासभर झोपू शकते. तिचं पार्काचं तिकीटच काढायचं नाही, ती बचत वेगळी. ओल्या मुलांना वर नेऊन कोरडं करता येतं. म्हणजे जास्तीचे पैसे जातात ते बाकावर बसणाऱ्यांसाठी. मुलांना तर लॉजही चालतो.

आमची एक रात्र

शेवटी गेलो. कुठल्या हॉटेलात ते सांगत नाही, कारण प्रश्न त्या एका हॉटेलाचा नाही. मधला वार निवडला, एकच रात्र ठरवली आणि दोघांची दोन महिन्यांची बाकीची हौस बंद केली. हप्त्यांवर सहल घ्या, असे फोन येत होते. आम्ही नको म्हटलं. चार दिवसांच्या हसण्याचं कर्ज आठ महिने फेडायचं, आणि त्यात व्याजाचा वास, हे आमच्या घरात बसत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. खोली दोनला मिळणार होती, ती साडेचारला मिळाली. तोवर अम्मी स्वागतकक्षातल्या खुर्चीवर, गुडघे चोळत. ज्यांच्यासाठी खोली घेतली त्यांचेच अडीच तास गेले. "पार्क दिसणारी खोली" म्हणून जास्त पैसे दिले होते. खिडकीतून पाळण्याचं टोक आणि बरीचशी पार्किंगची जागा दिसली. नाश्ता दोघांचाच धरलेला होता, बाकीच्यांचे पैसे सकाळी भरावे लागले.

पण त्या संध्याकाळी मुलं पार्कातून आली, तेव्हा दादी न्हाऊन, मगरीब पढून, ताजीतवानी बसली होती. रात्री एका खोलीत सगळे गोळा झालो. अम्मींनी स्वतःच्या लग्नातली, नांदगावहून मनमाडपर्यंतच्या बैलगाडीची गोष्ट सांगितली. थोरलीने ती पहिल्यांदाच ऐकली. घरी हे का होत नाही? घरी कुकरची शिट्टी असते, क्लास असतो, दुकानाचा फोन असतो. सकाळी पार्क उघडताच मुलं पुन्हा आत गेली. पहिल्या दीड तासात रांगा नव्हत्या. आदल्या दिवशी चार तासांत जेवढं झालं, तेवढं त्या दीड तासात झालं. जवळीक आणि वेळ विकतात म्हणतात, ते काय हे तिथे कळलं.

जाण्याआधी विचारून घ्या

आमच्या चुकांतून तयार झालेली यादी देतो. फोनवर विचारा आणि उत्तर लेखी मागवा.

• खोलीत किती माणसं चालतात? जादा गादीचे किती?

• नाश्ता किती जणांचा धरला आहे?

• पार्काचं तिकीट भावात आहे का? एका दिवसाचं की दोन दिवसांचं?

• खोली सोडल्यावर सामान ठेवता येतं का? अंघोळीची सोय आहे का? असेल तर दुसरा दिवसही पूर्ण मिळतो.

• चिकन-मटण हलाल आहे का? खात्रीचं उत्तर नसेल तर शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं. तिथे उभं राहून वाद नको.

• अंगभर नायलॉनचा पोहण्याचा पोशाख चालतो का? बहुतेक ठिकाणी चालतो. घरून घेऊन जा, भाड्याचा नको.

• खोली उशिरा मिळाली तर म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा देणार का?

मग परवडतं का?

आमचं उत्तर असं. पार्क शंभर किलोमीटरच्या आत असेल तर हॉटेल नको. पार्क दूर आहे, पण सगळे तरुण आणि धडधाकट आहेत, तर साधा लॉज घ्या आणि उरलेल्या पैशांत मुलांना आणखी एक सहल द्या. घरात गुडघेदुखीची दादी किंवा तान्हं मूल असेल, दोन्ही दिवस पार्कात घालवणार असाल आणि पैसे हातात असतील, तर एक रात्र जरूर राहा. एकच. दुसऱ्या रात्री नवं काही मिळत नाही, फक्त बिल दुप्पट होतं. आणि शेजाऱ्यांची मुलं राहून आली म्हणून जायचं असेल, तर फोटो त्यांच्याकडूनच मागवा, स्वस्त पडतात.

परतताना इगतपुरीला चहाला थांबलो. धाकटीला विचारलं, सगळ्यांत काय आवडलं? आम्हाला वाटलं, रोलर कोस्टर म्हणेल. ती म्हणाली, "दादीची बैलगाडी." मग थोडं थांबून, "आणि लिफ्ट."

अम्मींचा गल्ला तसाच आहे. थोरलीची रक्कम कपाटात आहे. जूनमध्ये ती जाईल, इन्शाअल्लाह. तोवर तिने आणि दादीने एक ठरवलंय : दर रविवारी रात्री सगळे मोबाइल एका टोपलीत, आणि एक गोष्ट. त्याला भाडं नाही.